पुडी कोणी सोडली?

आत्याचा फोन आला तो रविवारी सकाळी, देवपूजा आटोपल्यावर. आवाज घाबरलेला.

"अरे, पोराला एकट्याला खाली खेळायला सोडू नकोस. मुलं पळवणारी टोळी आलीय आपल्या भागात. फोटोसकट आलंय."

"कुठे आलंय?"

"ग्रुपवर."

"कोणी पाठवलं?"

"आता कोणी म्हणजे काय... आलंय!"

आलंय. हे क्रियापद गेली काही वर्षं मला छळतंय. पाऊस येतो, ताप येतो, आंब्याला मोहोर येतो. मेसेज तसा येत नाही. तो कोणीतरी बसून लिहितं, कोणीतरी त्याला कुठला तरी फोटो चिकटवतं, कोणीतरी पहिल्यांदा पाठवतं. पण 'आलंय' म्हटलं की ही तिन्ही माणसं गायब होतात. उरतो फक्त मेसेज, आणि त्याला घाबरलेली आत्या.

खोट्या बातमीसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. आवई उठते, वावडी उडते, कंडी पिकते. पुडी मात्र आपोआप सुटत नाही. ती सोडावी लागते. म्हणजे सोडणारा असतो, त्याचा हेतू असतो, आणि कित्येकदा त्याला त्या कामाचा पगारही असतो. ऐकीव गोष्ट घाबरून पुढे सांगणारी माझी आत्या एका बाजूला आणि ती गोष्ट मुद्दाम रचणारा दुसऱ्या बाजूला. दोघांना एकाच 'अफवा' या पोत्यात कोंबून आपण रचणाऱ्याला फार स्वस्तात सोडलंय. राग निघतो तो आत्यावर. 'काकू, कशाला फॉरवर्ड करता असलं काहीतरी!' म्हणून आपण मोकळे.

हे स्वस्तात सोडणं महागात पडतं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत त्या बाजारात आले. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी माणसं ती. अनोळखी गावात जाणं हाच त्यांचा व्यवसाय, आणि अनोळखी असणं हाच त्या दिवशी त्यांचा गुन्हा ठरला.

त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवर दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. ती आली होती कराचीतून. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती जाहिरात. मूळ फितीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. आपल्याकडे आली तेव्हा तो शेवट कापलेला होता. तो तुकडा आपोआप गळून पडला नाही. कोणीतरी कात्री चालवली. मारणाऱ्यांवर खटले झाले, ते व्हायलाच हवे होते. कात्रीवाल्याचं नाव मात्र मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

पुडी कशी बांधतात हे पाहायचं असेल, तर एक पुडी अशी आहे जिची बांधणाऱ्यापासून सगळी साखळी सापडलेली आहे. आणि तिची पहिली गाठ आपल्याच देशात मारली गेली.

दिल्लीत 'पेट्रियट' नावाचं इंग्रजी दैनिक निघायचं. डाव्या, सोव्हिएत संघाला जवळच्या वळणाचं. १९४२ च्या ९ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर तिरंगा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली यांचं नाव या वृत्तपत्राच्या उभारणीशी जोडलेलं. म्हणजे वाचकाने विश्वासाने हातात घ्यावं असा कागद. जुलै १९८३ मध्ये त्यात एक पत्र छापून आलं. एड्स भारतात शिरू शकतो आणि हा गूढ रोग अमेरिकेच्या प्रयोगांतून जन्मलाय, असा मथळ्याचा आशय. लिहिणारा कोण? तर न्यूयॉर्कमधला एक नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. नाव दिलेलं नाही.

नामवंत, आणि नाव नाही! या एका जागी संपादकाचा हात थबकायला हवा होता.

पत्रात होतं काय? अमेरिकी लष्कराने मेरिलँडमधल्या फोर्ट डेट्रिक इथे हा रोग तयार केला. त्यासाठी आफ्रिकेतून आणि लॅटिन अमेरिकेतून विषाणू गोळा करून आणले. आणि आता हे प्रयोग पाकिस्तानात हलवण्याची तयारी चालू आहे, म्हणजे संकट भारताच्या उंबरठ्यावर. अधूनमधून अमेरिकी लष्कराच्याच प्रकाशनांतले तपशील पेरलेले, म्हणजे बाकीचंही कागदोपत्रीच असेल असं वाटावं.

यातली कारागिरी नीट पाहा. फोर्ट डेट्रिकला जैविक अस्त्रांचं संशोधन खरोखर झालेलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये ते थांबवायचा आदेश दिला. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं, पेनिसिलिन हाताशी आल्यानंतरही. तेही खरं. आणि आपल्याकडे सत्तरच्या दशकात दिल्ली परिसरात डासांवर प्रयोग करणारा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा एक प्रकल्प होता, अमेरिकेच्या पैशावर चाललेला. त्यामागे जैविक युद्धाची तयारी असल्याचा संशय १९७४ मध्ये वृत्तपत्रांत आला, संसदेच्या लोकलेखा समितीने तो गांभीर्याने घेतला आणि प्रकल्प बंद झाला. म्हणजे दिल्लीच्या वाचकाच्या मनात जमीन नांगरून तयार होती. पत्र लिहिणाऱ्याला ती ठाऊक होती. त्याने फक्त बी टाकलं.

आपल्याकडे 'ध चा मा करणं' म्हणतात ते हेच. परंपरेने सांगितलेल्या त्या कथेत पत्र खरं होतं, शिक्का खरा होता, 'नारायणरावास धरावे' हा मजकूरही खरा होता. बदललं ते एक अक्षर. आणि जाता जाता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. वाक्प्रचारामागे मात्र अडीचशे वर्षं उभी आहे ती आनंदीबाई. ही कथा पहिल्यांदा कोणी सांगितली, हे विचारायला कोणी थांबत नाही. मला ते खटकतं.

तर पत्र छापून आलं ते जुलै १९८३ मध्ये. ही वेळसुद्धा पाहण्यासारखी. एड्सची पहिली वैद्यकीय नोंद जून १९८१ ची, अमेरिकेतली. विषाणू सापडल्याचा पॅरिसच्या पाश्चर संस्थेचा शोधनिबंध आला मे १९८३ मध्ये, या पत्राच्या जेमतेम दोन महिने आधी. जगातले शास्त्रज्ञ अजून अंधारात चाचपडत होते. खरं उत्तर वाटेत होतं, आणि पुडी अशाच वेळी सुटते. खऱ्याला प्रयोग करावे लागतात, पुन्हा तपासावं लागतं, चूक निघाली तर कबूल करावं लागतं. खोटं तयार व्हायला एक टंकलेखन यंत्र आणि एक दुपार पुरते.

ही पुडी बांधली होती केजीबीने, सोव्हिएत गुप्तचर संघटनेने. त्या संघटनेत 'सर्व्हिस ए' नावाचा एक विभागच होता. खोटी कागदपत्रं, बनावट पत्रं, दुसऱ्याच्या तोंडून वदवलेले आरोप, अशा कामांना तिथे 'सक्रिय उपाय' म्हणत. हे खातं काही एका रात्रीत उगवलं नव्हतं. मॉस्कोत १९२३ मध्येच या कामासाठी खास कचेरी स्थापन झाली होती. 'देझइन्फर्मात्सिया' हा तिथला सरकारी शब्द. म्हणजे साठ वर्षांचा अनुभव असलेलं, टेबल-खुर्ची, फायली आणि बढत्या असलेलं खातं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सकाळी चहाबरोबर पेपर उघडणारा दिल्लीकर.

दोन वर्षं काहीच झालं नाही. पुडी पडून राहिली. मग सप्टेंबर १९८५ मध्ये केजीबीने बल्गेरियातल्या आपल्या जोडीदार गुप्तचर खात्याला कळवलं की, हा रोग अमेरिकेच्या गुप्त प्रयोगांतून निघाला असं मत परदेशांत तयार करायची मोहीम आम्ही चालवतोय. तो निरोप सोफियाच्या दप्तरात सापडला आहे. पाठोपाठ ३० ऑक्टोबर १९८५ ला मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गझेता' या साप्ताहिकात मोठा लेख आला. आधार कशाचा? तर भारतातल्या एका प्रतिष्ठित वृत्तपत्राचा. मॉस्कोने लिहिलं, दिल्लीत छापवलं, न्यूयॉर्कचा पत्ता लावला आणि मग मॉस्कोनेच 'दिल्लीचा पेपर असं म्हणतो' म्हणून जगाला दाखवलं. आपणच लिहिलेली चिठ्ठी शेजारणीच्या हातून मागवून घ्यायची आणि वाड्यात ओरडून सांगायचं, 'बघा, शेजारणीनेसुद्धा पाहिलंय!' या सगळ्यात आपला देश होता तो पत्ता बदलण्याचा मुक्काम. माझा राग तिथे आहे. भारतीय वाचकाची, भारतीय वृत्तपत्राची जगात जी पत होती, ती कोणीतरी न विचारता वापरली.

त्यानंतर पूर्व जर्मनीचं गुप्तचर खातं, श्टाझी, मदतीला आलं. पूर्व बर्लिनमधले निवृत्त जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब झेगाल यांनी एक प्रबंधच लिहिला. फोर्ट डेट्रिकमध्ये दोन विषाणू जोडून १९७७-७८ च्या सुमाराला हा तिसरा तयार केला आणि कैद्यांवर वापरला, असं त्यात म्हटलेलं. हे झेगाल म्हणजे पाकीट घेऊन लिहिणारे गृहस्थ दिसत नाहीत. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं आणि १९९५ मध्ये वारले तोपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. पुडी सोडणाऱ्याला असा प्रामाणिक माणूस मिळाला की त्याचं निम्मं काम होतं. त्या प्रबंधाच्या प्रती १९८६ मध्ये हरारेच्या अलिप्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेत वाटल्या गेल्या. भारताने परिषदेचं अध्यक्षपद झिंबाब्वेकडे सोपवलं तीच ही परिषद. आफ्रिकेतले, आशियातले नेते, पत्रकार जमलेले. पाश्चात्त्य गोऱ्या सत्तेने आपल्यावर काय काय केलं हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला स्वतःच्या घरातून माहीत होतं. आणि त्या खऱ्या जखमेवरच हे खोटं बांधलं.

मग ऑक्टोबर १९८६. लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने २६ तारखेला हीच कहाणी पहिल्या पानावर छापली. तो काही साम्यवादी पेपर नव्हे, उलट टोकाचा. मॉस्कोच्या 'प्रावदा'ने ३१ तारखेला व्यंगचित्र काढलं: शास्त्रज्ञ अमेरिकी सेनाधिकाऱ्याला एक नळी देतोय आणि नळीत विषाणूंच्या जागी तरंगतायत स्वस्तिकं. १९८७ संपेपर्यंत ही कथा ८० हून अधिक देशांत आणि ३० हून अधिक भाषांत जाऊन पोचली होती.

त्याच ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये एका माणसाने राजीनामा दिला. लिबियाच्या गद्दाफीला हादरवण्यासाठी खोट्या बातम्या पसरवण्याचा रेगन प्रशासनाचा बेत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने उघडा केला, तेव्हा परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते बर्नार्ड काल्ब पद सोडून बाहेर पडले. पुड्या एकट्या मॉस्कोतून सुटत नव्हत्या. पण आपल्या बाजूच्या पुडीवर नोकरी सोडणारा माणूस मला त्या सगळ्या वर्षांत फार मोठा वाटतो.

त्याच १९८६ साली, याच रोगाबद्दल, मद्रासमध्ये दोन बायका काय करत होत्या ते ऐका. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला. भारतात एड्स असणं शक्यच नाही, असं म्हणणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. सॉलोमनबाईंनी विद्यार्थिनीला सांगितलं, शोध. निर्मलाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला धड सोय नव्हती, म्हणून ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. मग बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले, कारण तपासणीची सोय तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होती. सहा नमुने दूषित निघाले. खात्री करण्यासाठी पुढे अमेरिकेत पाठवले, तिथेही तेच उत्तर आलं. मग ते देशाला कळलं.

मला हा बर्फाचा डबा डोळ्यांपुढून हलवता येत नाही. कोणाचं रक्त, कोणी घेतलं, कुठे ठेवलं, कोणत्या गाडीने नेलं, कोणी तपासलं, दुसऱ्यांदा कोणी तपासलं, प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा आहे आणि त्याला नाव आहे. पुढे १९९३ मध्ये सुनीतीबाईंनी वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने एड्स संशोधन केंद्र काढलं. ज्यांना इस्पितळं दारात उभं करत नव्हती अशा रुग्णांना तिथे हात लावून तपासलं जायचं.

मॉस्कोच्या पुडीचं पुढे काय झालं? सोव्हिएत संघातही एड्स पोचला. आता उपचारासाठी, संशोधनासाठी अमेरिकेची मदत हवी होती आणि अमेरिका म्हणाली, आधी हे थांबवा. ३० ऑक्टोबर १९८७ ला, मॉस्कोच्या त्या पहिल्या लेखानंतर बरोबर दोन वर्षांनी, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या सागदेयेव आणि गोल्दान्स्की या शास्त्रज्ञांनी 'इझ्वेस्तिया'त या आरोपापासून हात झटकले. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी ती कामगिरी आपल्याच लोकांची होती हे मान्य केलं. विज्ञानाने तर कधीच निकाल लावलाय. हा विषाणू मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसात आला, आणि किन्शासात १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या एका नमुन्यात तो सापडला आहे. झेगाल यांनी सांगितलेल्या सालाच्या जवळपास वीस वर्षं आधी.

म्हणजे पुडी सोडणाऱ्यांनीच सांगितलं की, आम्ही सोडली. तरी काय? २००५ मध्ये ५०० आफ्रिकन-अमेरिकन लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. जवळजवळ निम्म्यांना हा विषाणू माणसाने बनवलाय असं वाटत होतं. त्याला एकटी केजीबी कारण नव्हती, टस्कीगीची आठवणही होती. पण त्याच पाहणीत दिसलं की, या कटावर ठाम विश्वास असलेल्या पुरुषांत निरोध नियमित वापरण्याचं प्रमाण कमी होतं. दिल्लीत छापलेल्या कागदाचा असा माणसाच्या अंथरुणापर्यंत माग काढता येतो.

उघडं पडलेलं खोटं मरत नाही याची आणखी जुनी साक्ष आहे. सेंट पीटर्सबर्गच्या 'झ्नाम्या' या पत्रात १९०३ मध्ये ज्यूंच्या जागतिक कटाचा म्हणून एक बनावट मसुदा छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'च्या फिलिप ग्रेव्ह्ज यांनी मूळ पुस्तक शेजारी ठेवून दाखवून दिलं की, हा सरळ चोरलेला मजकूर आहे. १८६४ साली मोरिस जोली या फ्रेंच लेखकाने तिसऱ्या नेपोलियनवर लिहिलेल्या टीकेतून उचललेला, आणि मुळात ज्यूंचा त्यात संबंधच नव्हता. याहून पक्का पुरावा काय असतो? तरी नाझींनी तो मसुदा शाळांत वापरला. आजही तो छापला जातो, विकला जातो.

आत्याकडे परत येतो. त्या दिवशी मी तिला भाषण दिलं नाही. फक्त म्हटलं, "आत्या, एवढं विचार ना ग्रुपवर, तुला कोणी पाठवलं म्हणून."

आत्या निवृत्त तलाठी आहे. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद कोणी, कोणत्या कागदावरून घातली हे पाहिल्याशिवाय तिने आयुष्यात सही केली नाही. तिला ते लगेच पटलं. तिने विचारलं. ग्रुपवरच्या वहिनी म्हणाल्या, आमच्या भिशीच्या ग्रुपवर होतं. आत्याने भिशीतल्या बाईंना फोन लावला. त्यांना मुलाने पाठवलेलं. मुलाला व्यायामशाळेतल्या मित्राने. दुपारचं जेवण बाजूला ठेवून आत्याने एका वहीच्या पानावर नावं लिहिली, एकाखाली एक, बाण काढून, फेरफाराची नोंद घ्यावी तशी. ज्याला ज्याला फोन केला तो आधी हसला, मग जरा ओशाळला, मग त्याने मागचं नाव सांगितलं.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला.

"पाच जणांपर्यंत गेले रे मागे. फोटो इथला नाहीच म्हणे, तो पोरगाच म्हणाला. सहाव्या ठिकाणी अडलंय."

"का?"

"नुसता नंबर आहे. लावला तर बंद. नाव नाही."

मी काही बोललो नाही. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"नंबर लिहून ठेवलाय मी," आत्या म्हणाली. "उद्या सकाळी ठाण्यावर जाते. तू येतोस का बरोबर?"